वाघाटीचे आढळक्षेत्र आणि संख्या: सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळून वाघाट्या किती असतील?

सर्वांत आधी हाच प्रश्न येतो, आणि त्याला एका आकड्यात उत्तर देणे आम्ही टाळतो. असा आकडा कोणी सांगितलाच, तर तो कोणत्या क्षेत्रातून, किती रात्रींच्या पाहणीतून, कोणत्या पद्धतीने आणि किती चुकीच्या शक्यतेसह काढला आहे, हे त्याला विचारावे; या चार गोष्टींशिवाय सांगितलेली संख्या बातमीपुरती ठीक असली, तरी संवर्धनाच्या कामाला निरुपयोगी असते. वाघाटी हे रानमांजर निशाचर आहे, आकाराने अतिशय लहान आहे, झाडावर सहज चढते आणि माणसाची चाहूल लागताच दिसेनाशी होते. अशा प्राण्याची शिरगणती होऊ शकत नाही. होऊ शकतो तो केवळ अंदाज, आणि तोही आधी आढळक्षेत्राचा, नंतर जमल्यास संख्येचा. खालील उत्तरे याच क्रमाने दिली आहेत.

वाघाटी म्हणजे नेमका कोणता प्राणी, आणि ती कशी ओळखावी?

वाघाटी ही आशियातील सर्वांत लहान रानमांजर जात आहे. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या धडधाकट बोक्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. अंगाचा रंग करडा-तपकिरी, त्यावर पाठीच्या आणि कुशीच्या बाजूने ओळीने मांडलेले तांबूस ठिपके, कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या चार गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या कडेने वर चढणारे दोन पांढरे पट्टे, लहान गोलसर कान आणि ठिपके नसलेली शेपटी, अशी तिची ओळख आहे. शास्त्राला ती १८३१ मध्ये पुदुच्चेरीहून मिळालेल्या नमुन्यावरून माहीत झाली. भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीनच देशांत ती आढळते, आणि आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, याच्या धोक्यातील जातींच्या लाल यादीत २०१६ पासून तिची नोंद ‘संकटसमीप’ गटात आहे.

गफलत होते ती तीन प्राण्यांशी. बाऊल, म्हणजे नेहमीचे रानमांजर, उंच पायांचे असून त्याच्या अंगावर ठिपके नसतात आणि शेपटीच्या टोकाला काळी वलये असतात. बिबट्या मांजराच्या अंगावरचे ठिपके गडद असतात आणि त्याच्या शेपटीवरही ठिपके असतात. जुन्या मराठी लिखाणात ‘वाघाटी’ हे नाव या मांजरालाही दिलेले आढळते, त्यामुळे छायाचित्र किंवा कातडे सोबत नसलेली जुनी नोंद जशीच्या तशी नकाशावर घेऊ नये. तिसरी गफलत बिबट्याच्या पिल्लांशी होते, आणि तीच सर्वाधिक होते. वाघाटीच्या नवजात पिल्लांच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यामुळे फडात पिल्ले दिसताच ‘बिबट्याची पिल्ले’ अशी आवई उठते. खरे तर वजनावरून हा घोळ तेथल्या तेथे मिटतो, कारण वाघाटीचे पिल्लू जन्मतः ६० ते ७७ ग्रॅमचे असते, तर बिबट्याचे अर्ध्या किलोच्या आसपास.

या दोन जिल्ह्यांत तिला मानवेल असा प्रदेश कोठे आहे?

पानझडी जंगल, काटेरी झुडपांची माळराने, खडकाळ टेकड्या आणि शेताशिवारालगतची झाडोरा असलेली जागा तिला मानवते. घनदाट सदाहरित जंगलाशी भारतात तिचा संबंध कमी मानला जातो, मात्र श्रीलंकेत ती दमट जंगलातही राहते, त्यामुळे हा नियम फार ताणू नये. याचा आपल्याकडचा अर्थ असा, की कोयना आणि चांदोलीच्या माथ्यावरील दाट रानापेक्षा त्याच्या पूर्वेचा उताराचा पट्टा, वाई ते पाटणपर्यंतच्या टेकड्या, शिराळ्याचे डोंगर, सागरेश्वर, दंडोबा, आणि पुढे माण, खटाव, आटपाडी, जत येथील पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा झुडपी मुलूख हा तपासण्याजोगा प्रदेश ठरतो. व्याघ्र प्रकल्पात वन्यप्राणी असतात आणि बाहेर शेती असते, ही सोयीची विभागणी या मांजराच्या बाबतीत उपयोगाची नाही. दक्षिण भारतात शेतीने वेढलेल्या गावांत, घरांच्या माळ्यावर तिने पिल्ले घातल्याच्या नोंदीही आहेत.

मग आपल्याकडील बहुतेक नोंदी उसाच्या फडातूनच का येतात?

कारण फड हीच एक जागा अशी आहे, जेथे दरवर्षी माणसांची टोळी ओळीने उभी राहते आणि सरीन् सरी मोकळी करत जाते. दाट पाचट, सावली, ओलावा आणि भरपूर उंदीर यांमुळे मादी पिल्लांसाठी उभा ऊस निवडते, हे खरेच आहे. परंतु नोंद होण्यासाठी प्राणी असणे पुरेसे नसते, तेथे पाहणाराही असावा लागतो. ऊसतोडीच्या वेळी हा पाहणारा हातात कोयता घेऊन प्रत्येक फुटावर हजर असतो. माळरानावरच्या करवंदीच्या जाळीत असे कोणी कधीच शिरत नाही. म्हणून कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातून बातम्या येतात आणि जतमधून येत नाहीत, एवढ्यावरून वाघाटी कृष्णाकाठी जास्त आणि जतला कमी, असा निष्कर्ष काढणे म्हणजे टोळ्यांचा नकाशा काढून त्याला मांजराचा नकाशा म्हणणे होय.

महिन्यांचेही तसेच आहे. नोंदी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत दाटतात, कारण कारखान्यांचा गळीत हंगाम तेव्हा चालू असतो. त्यावरून विणीचा हंगाम ठरवण्याचा मोह होतो, मात्र पावसाळ्यात आडसाली उसाच्या आत काय चालले आहे, हे पाहायला कोणीच जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी सापडणाऱ्या पिल्लांचे वय नोंदवले, डोळे उघडले आहेत की नाहीत एवढे जरी लिहिले, तरी वीण कधी झाली असेल याचा मागे जाऊन काही अंदाज बांधता येतो. बातमीत हे क्वचितच असते.

याहून फसवा भाग पुढे आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे ऊस पूर्वी फारसा नव्हता अशा कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत गेला. उद्या तेथील फडांतून वाघाटीची पिल्ले मिळू लागली, तर नकाशावर तिचे आढळक्षेत्र पूर्वेकडे ‘वाढलेले’ दिसेल. तसे खरोखर घडलेले असू शकते, कारण पाण्यासोबत पीक आणि पिकासोबत उंदीर येतात. परंतु मांजर आधीपासूनच शेजारच्या टेकडीवर असावे आणि ऊस आल्यामुळे ते फक्त आपल्या नजरेस पडू लागावे, हेही तितकेच शक्य आहे. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या असतील, तर नोंदींची निव्वळ संख्या न मोजता ती तोडणी झालेल्या क्षेत्राशी ताडून पाहावी लागते: किती हेक्टर तोडणीमागे किती नोंदी. तोडणीच्या क्षेत्राची आकडेवारी कारखान्यांच्या शेती विभागांकडे गटवार असते. माझ्या मते या दोन जिल्ह्यांत वाघाटीच्या अभ्यासाला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा हा आधार आहे.

आढळक्षेत्र मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात?

दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. पहिली म्हणजे विस्तारक्षेत्र: सर्व खात्रीशीर नोंदींच्या बाहेरच्या कडेने बहुभुज आखून आतले सगळे क्षेत्रफळ धरायचे. पाटणची एक नोंद, फलटणची एक आणि जतची एक घेतली, की मधली शहरे, नद्या आणि महामार्ग यांच्यासह मोठा मुलूख आपोआप आत येतो. दुसरी म्हणजे वास्तव्यक्षेत्र: आययूसीएनच्या पद्धतीनुसार नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे आणि ज्या चौकोनांत प्राणी असल्याचे माहीत आहे तेवढेच मोजायचे, प्रत्येकी चार चौरस किलोमीटर धरून. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर आहे आणि सांगलीचे सुमारे ८,५७०. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून असे सुमारे ४,७६० चौकोन पडतात. समजा, खात्रीशीर नोंदी त्यांपैकी ३० चौकोनांत आहेत, तर वास्तव्यक्षेत्र १२० चौरस किलोमीटर येईल, आणि त्याच नोंदींवरून आखलेले विस्तारक्षेत्र हजारो चौरस किलोमीटर भरेल. दोन्ही आकडे बरोबर असतील, परंतु एकच आकडा छापून ‘वाघाटीचे क्षेत्र इतके’ असे म्हटले, तर वाचकाची दिशाभूल होईल.

येथे एक सावधगिरी हवी. लाल यादीत असुरक्षित गटासाठी विस्तारक्षेत्र २०,००० आणि वास्तव्यक्षेत्र २,००० चौरस किलोमीटरहून कमी असण्याच्या ज्या मर्यादा आहेत, त्या जातीच्या जगभरच्या आढळासाठी आहेत, आणि त्यांच्यासोबत घट किंवा विखुरलेपणाच्या अटीही आहेत. त्या एका जिल्ह्याला लावून ‘साताऱ्यात वाघाटी नामशेष होण्याच्या मार्गावर’ असा मथळा काढणे चुकीचे आहे.

एखाद्या चौकोनात नोंद नाही, म्हणजे तेथे वाघाटी नाही, असे समजावे का?

नाही. रिकाम्या चौकोनाचे दोन अर्थ होतात: प्राणी तेथे नाही, किंवा आहे पण आपल्याला दिसला नाही. हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवण्यासाठी २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ऑक्युपन्सी पद्धत वापरतात. तिच्यात एकाच चौकोनाची पाहणी पुन्हा पुन्हा करतात आणि ‘दिसला, नाही दिसला, दिसला’ या क्रमावरून प्राणी असताना तो दिसण्याची शक्यता किती, हे आधी काढतात; मग त्या शक्यतेचा विचार करून किती टक्के चौकोनांत त्याचे वास्तव्य असावे, याचा अंदाज बांधतात. या पद्धतीला प्रत्येक मांजर वेगळे ओळखावे लागत नाही, आणि म्हणूनच वाघाटीसारख्या प्राण्यासाठी ती संख्येच्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाची ठरते.

कॅमेरा एका जागी किती रात्री ठेवावा?

हा कॅमेरा म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र टिपणारा. त्याचा एक काल्पनिक हिशेब पाहू. प्राणी त्या जागी असताना एका रात्रीत तो कॅमेऱ्यात येण्याची शक्यता दहा टक्के आहे असे धरले, तर सात रात्रींनंतरही जवळपास निम्म्या जागांवर तो निसटलेला असेल. वीस रात्रींनंतर बारा टक्के जागांवर, आणि तीस रात्रींनंतर सुमारे चार टक्के. हीच शक्यता रात्रीमागे तीन टक्केच असेल, तर तीस रात्रींनंतरही चाळीस टक्के जागा फसव्या रिकाम्या राहतात, आणि ९५ टक्के खात्रीसाठी शंभराच्या आसपास रात्री लागतात. दुर्मीळ प्राण्यासाठी आठवडाभराचे सर्वेक्षण करून ‘आढळला नाही’ असा अहवाल देणे का धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

कॅमेरा कोठे आणि कसा लावावा?

जमिनीपासून २५ ते ३० सेंटीमीटर उंचीवर, वाटेला काटकोनात, आणि समोरचे गवत काढून. वाघासाठी गुडघ्याच्या आसपास लावलेल्या कॅमेऱ्याखालून वाघाटी नोंद न होता निघून जाऊ शकते. जागा निवडताना जंगलातील रुंद रस्त्यापेक्षा ओढ्याचा काठ, दगडी ताल, शेताचा बांध, पाणंद, निवडुंगाचे कुंपण अशा अरुंद वाटा पाहाव्यात. अवरक्त प्रकाशातील छायाचित्रात तांबूस ठिपके पुसट येतात, त्यामुळे वैयक्तिक ओळख हवी असल्यास पांढऱ्या फ्लॅशचा कॅमेरा बरा. राखीव वनात, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये. खासगी शेतात मालकाची संमती तर हवीच, शिवाय शेजारच्या वाटेकऱ्यांनाही आधी सांगून ठेवावे. नाही तर चोरीपेक्षा संशयाचाच त्रास अधिक होतो.

व्याघ्रगणनेच्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे यासाठी चालतील का?

चालतील, आणि ती वापरली नाहीत तर वाया जातील. २०१८-१९ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे जमली, त्यांत वाघांची ७६,६५१ होती. उरलेल्यांत इतर अगणित प्राणी आहेत. वाघाटी कोणत्या वनक्षेत्रात आहे हे कळण्यासाठी हा साठा अमोल आहे. तरीही त्यावरून ‘कमी आहे’ असे ठरवता येत नाही, कारण त्या गणनेतील कॅमेरे साधारण दोन चौरस किलोमीटरला एक जोडी या बेताने, वाघाच्या वाटांवर, वाघाच्या उंचीला लावलेले असतात. वाघाटीचा वावर इतका लहान असतो, की एखाद्या मांजराचे सगळे क्षेत्र दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या जागेत बसू शकते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटर असून ते चार जिल्ह्यांत पसरले आहे. त्याबाहेरचे शिवार या कॅमेऱ्यांत मुळातच येत नाही.

संख्येचा अंदाज मग कसा काढतात?

अंगावरच्या नक्षीवरून प्रत्येक प्राणी ओळखता आला, तर ‘पकड-पुनर्पकड’ पद्धत वापरतात. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत वाघांसाठी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ती वापरली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. एकच मांजर किती वेळा आणि कोणकोणत्या कॅमेऱ्यांत आले, यावरून न दिसलेली किती असावीत याचा हिशेब बांधला जातो. मरे एफर्ड यांनी २००४ मध्ये त्याला जागेची जोड दिली, त्यामुळे कॅमेऱ्यांच्या कडेला राहणाऱ्या प्राण्यांमुळे होणारी चूक कमी झाली.

ही चूक किती मोठी असते, ते पाहा. समजा वीस चौरस किलोमीटरमध्ये कॅमेरे लावले आणि चार वेगवेगळ्या वाघाट्या ओळखल्या. सरळ भागाकार केला तर शंभर चौरस किलोमीटरमागे वीस येतात. परंतु कडेच्या मांजरांचा वावर बाहेरही असतो. तो धरून प्रत्यक्ष क्षेत्र ४५ चौरस किलोमीटर निघाले, तर तीच घनता नऊच्या आत येते. एका गृहीतामुळे आकडा निम्म्याहून खाली आला! त्यात वाघाटीचे ठिपके पुसट, डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी वेगळी, त्यामुळे समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. चारच मांजरे ओळखली असतील, तर अंदाजाचा पल्ला इतका रुंद येतो की त्याचा मधला आकडा सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही.

एका ठिकाणची घनता काढून ती साऱ्या जिल्ह्याला गुणली तर?

तसे करू नये. पाहणीसाठी जागा निवडताना आपण प्राणी असण्याची आशा असलेलीच जागा निवडतो, त्यामुळे तेथील घनता सरासरीहून जास्त असणे स्वाभाविक आहे.

संगणकावर तयार होणारे आढळाचे नकाशे कितपत खरे मानावेत?

मॅक्सेंटसारख्या पद्धतीत ज्ञात नोंदींच्या जागी पाऊस, तापमान, उंची, झाडोरा कसा आहे ते पाहून तशाच इतर जागा रंगवल्या जातात. असा नकाशा ‘येथे शोधावे’ हे सांगतो, ‘येथे आहे’ हे सांगत नाही. नोंदी उसाच्या फडांकडेच झुकलेल्या असतात, हा वर सांगितलेला दोष दुरुस्त न करता त्या त्यात घातल्या, तर यंत्र निमूटपणे शिकते की वाघाटीला कालव्याचे पाणी आणि काळी जमीन लागते, आणि माणचा माळ नकाशावर पांढरा राहतो. ज्या नकाशासोबत नोंदी कोठून आणि कशा मिळाल्या हे लिहिलेले नाही, तो मी तरी बाजूला ठेवतो.

विष्ठेवरून काम होईल का?

केवळ दिसण्यावरून नाही, कारण बाऊल, वाघाटी आणि घरची मांजर यांच्या विष्ठेत डोळ्यांनी खात्रीचा भेद करता येत नाही. ताज्या विष्ठेतील डीएनए प्रयोगशाळेत तपासल्यास जात कळते.

मेंढपाळ, शेतकरी, ऊसतोड मजूर यांच्या सांगण्याला किती वजन द्यावे?

पुष्कळ, पण प्रश्न नीट विचारला तरच. ‘तुमच्याकडे वाघाटी आहे का?’ असे विचारल्यास पाहुण्याचे मन राखण्यासाठी ‘हो’ येते. त्याऐवजी वाघाटी, बाऊल, बिबट्या मांजर, उदमांजर आणि आपल्या भागात नसलेला एखादा प्राणी यांची चित्रे एकत्र समोर ठेवावीत, कोणता पाहिला, कधी, कोठे, काय करत होता हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि नसलेला प्राणीही ‘पाहिला’ म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या उत्तरांचा भार कमी करावा. जतच्या बाजूला रात्र शिवारात काढणारे धनगर मेंढपाळ या कामी सर्वेक्षकापेक्षा जाणकार असतात. टोळीतील मजूर बहुतेक बीडकडचे असतात आणि हंगाम संपताच परत जातात, म्हणून त्यांची नोंद फडावरच घ्यावी लागते.

रस्त्यावर मेलेली वाघाटी नोंद म्हणून धरतात का?

धरतात. ओळख पक्की होते, तारीख आणि जागा पक्की असते. फक्त पुणे-बंगळूर महामार्गावर वर्दळ आणि पाहणारे दोन्ही जास्त आहेत, हे नोंदी वाचताना ध्यानात ठेवावे. मृत प्राणी उचलून घरी नेऊ नये; छायाचित्र काढून वन विभागाला कळवावे.

फडात पिल्ले सापडल्यास काय करावे, आणि नोंद काय ठेवावी?

तोडणी त्या भागापुरती थांबवावी, पिल्लांभोवतीचा थोडा ऊस उभा ठेवावा, त्यांना दूध पाजू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. फड पेटवून तोडण्याचा बेत असेल तर तो आधी रद्द करावा. मादी बहुधा जवळच दडलेली असते आणि अंधार पडल्यावर पिल्ले उचलून नेते, म्हणून पिल्ले त्याच जागी राहणे महत्त्वाचे असते. वाघाटी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू पाळायला नेणे हा गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो.

नोंदीत तारीख, जीपीएस स्थान, पिल्लांची संख्या, डोळे उघडे की मिटलेले, उसाचा प्रकार म्हणजे लागण की खोडवा, त्या दिवशी तोडलेले क्षेत्र, आणि कूस, चेहरा व शेपटी दिसेल अशी छायाचित्रे असावीत. काहीही न सापडलेल्या फडांचीही यादी त्याच वहीत ठेवावी. हिशेबात तिची किंमत सापडलेल्या फडांइतकीच असते.

अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकावे का?

टाकू नये. गाव किंवा गटक्रमांक न देता तालुका सांगणे पुरेसे आहे. अचूक स्थान वन विभागाला आणि अभ्यासकांना द्यावे, आणि छायाचित्र इतर कोणालाही पाठवण्यापूर्वी त्यातील स्थानाची माहिती काढून टाकावी.